मारायला चालेल असा माणूस

राजधानीत तिसऱ्यांदा सरकार पळालं, तेव्हा आमच्या बोझ-अर्चा तालुक्याला एकाऐवजी दोन आकिम, म्हणजे तालुक्याचे मुख्य अधिकारी, मिळाले. जुना आकिम जापारकुल म्हणाला, मला काढल्याचा कागद आलेला नाही, म्हणजे साहेब मीच. ओस्मोनबेकला फुटबॉलच्या मैदानात जमलेल्या लोकांनी हात वर करून आकिम केलं होतं, म्हणून साहेब तोही. जापारकुल तळमजल्यावर बसला, ओस्मोनबेक वरच्या मजल्यावर. दोघांचे शिक्के वेगळे, चहा करणाऱ्या बायाही वेगळ्या. जन्म-मृत्यू नोंदणीची माझी खोली जिन्याच्या मधल्या टप्प्यावर, त्यामुळे त्या आठवड्यात जो मेला त्याच्या दाखल्यावर मला दोन-दोन शिक्के घ्यावे लागले. एकदा वर, एकदा खाली. माझे गुडघे आधीच कुरकुरतात.

माझं नाव कालबूबू. तेहेतीस वर्षं मी या खोलीत आहे. कोण कुणाचा, कुणाची मुलगी कुठे दिली, कुणाचा आजा कुणाच्या आजीचा भाऊ, हे सगळं माझ्या रजिस्टरांत आहे. आम्हा किरगीझ लोकांत प्रत्येकाला आपल्या सात पिढ्यांची नावं पाठ यावी लागतात, आणि त्या सातांत जो बसतो त्याच्याशी लग्न चालत नाही. म्हणून लग्न ठरवायचं झालं की लोक आधी माझ्याकडे येतात.

कोणता आकिम खरा, हे ठरवायला मारामारी करायची असं दोन्ही बाजूंचं एकमत झालं. एवढ्या एकाच गोष्टीवर ते झालं. बुधवारी बाजार असतो, म्हणून गुरुवार धरला. दोन्हीकडून दोनदोनशे माणसं फावड्याचे दांडे घेऊन चौकात उभी राहिली. माझा तालाय जापारकुलच्या बाजूने होता. चोवीस वर्षांचा मुलगा, हाताला काम नाही, आणि जापारकुलने त्याला वनरक्षकाची नोकरी देतो म्हणून सांगितलं होतं. आयजीच्या जिवावर बायजी उदार, दुसरं काय.

आमच्याकडे कोणतंही काम वडीलधाऱ्याच्या आशीर्वादाशिवाय सुरू होत नाही, मग मारामारी तरी कशी होईल? अठ्ठ्याऐंशी वर्षांचे सेयित आजोबा पुढे आले. तळहात वर करून म्हणाले, "सगळे सुखरूप घरी जावोत, गुराढोरांना चारा मिळो, लेकराबाळांना आयुष्य मिळो." सगळ्यांनी दांडे काखेत धरून तोंडावरून हात फिरवले आणि ओमिन म्हटलं. मग पुढच्या दोघांनी दांडे उगारले.

ओस्मोनबेकच्या बाजूचा गडी दांडगा होता. दांडा वर गेला आणि तिथेच थांबला, कारण सवयीने त्याने विचारलं, "कुणाचा रे तू?"

"कासिमच्या थोरल्याचा."

"कुठल्या कासिमच्या? घोडेवाल्या की एका कानाच्या?"

"एका कानाच्या."

"अरे, मग तुझी आजी माझ्या आजोबांची चुलतबहीण लागते की. आजीचे गुडघे कसे आहेत आता?"

"हिवाळ्यात धरतात."

दांडा खाली आला. पाच मिनिटांत चौकभर हेच सुरू झालं. एकाला समोर सख्ख्या बहिणीचा मुलगा भेटला. भाचा येण्यापेक्षा सात लांडगे आलेले बरे, असं आमच्यात म्हणतात, कारण मामाच्या घरातलं जे आवडेल ते भाच्याने उचलायचं आणि मामाने हसायचं. या भाच्याने मामाचा दांडा घेतला, वर त्याची टोपीही घेतली. मामा उघड्या डोक्याने हसत उभा राहिला. आपलेच दात, आपलेच ओठ. दुपारी बारा वाजता चारशे माणसं कोपऱ्यावरच्या भट्टीसमोर रांग लावून मांस भरलेले सामसे खात होती.

दुसऱ्या दिवशी राजधानीतून फोन आला. ज्याने फोन केला त्याला स्वतःच्या खुर्चीवर बसून जेमतेम चार दिवस झाले होते. तो म्हणाला, "ज्याच्यासाठी लोकांनी रक्त सांडलं असेल, तो आकिम. तसा भरलेला फॉर्म पाठवा. किमान एक जखमी हवा."

मग दोन्ही आकिम माझ्या टप्प्यावर आले. एकाच पायरीवर उभे असलेले ते मी पहिल्यांदाच पाहिले.

"ताई," जापारकुल म्हणाला, "सगळ्यांच्या पिढ्या तुमच्याकडे आहेत. कोण कुणाला मारू शकतो, याची यादी करून द्या."

"मारू तर कुणीही कुणाला शकतो, साहेब."

"तसं नाही हो. नात्यात न बसणारे हवेत. या बाजूचा एक, त्या बाजूचा एक."

"लग्नाला बघता तसंच बघायचं," ओस्मोनबेकने समजावलं. "ज्यांचं लग्न चालेल त्यांची मारामारीही चालेल."

"पुरुषापुरुषांची लग्नं मी अजून लावलेली नाहीत."

"थट्टा नको ताई. तालुक्याच्या भवितव्याचा प्रश्न आहे."

यादी तपासायला सेयित आजोबांना बसवलं. सगळ्या खोऱ्याच्या वंशावळी त्यांच्या डोक्यात आहेत आणि त्यांत ते मुंगीएवढं खोटं चालू देत नाहीत. त्यांनी नियम सांगितला: रक्ताचं नातं सात पिढ्यांपर्यंत, सोयरिकीचं नातं, आणि एका आईचं दूध प्यायलेल्यांचं नातं. यांतलं एकही निघालं तरी हात उचलायचा नाही.

दोन दिवस मी काम केलं. तेहेतीस वर्षांत सरकारी काम एवढं मन लावून केलं नव्हतं. कुणी नात्यातून सुटायला आलं की मी मागची रजिस्टरं काढायची. उत्तरेकडून बदलून आलेला गुरांचा डॉक्टर सुटत होता. त्याच्या बायकोची मावशी आमच्या पोस्टमनला दिलेली निघाली. चारशेपैकी तीनशे नव्व्याण्णव माणसं मी कुठे ना कुठे बांधून टाकली. तालायच्या नावापुढे माझ्या नवऱ्याचं, एसेनचं नाव लिहिलं, आणि एसेनच्या वरची सहा. एसेनचं घराणं एवढं पसरलेलं आहे की त्या नावाने अर्धा तालुका वाचला असता.

सेयित आजोबांचं पेन तिथे थांबलं.

"हे खोडावं लागेल, कालबूबू."

"का?"

"तुला माहीत आहे."

मला माहीत होतं. सगळ्या बोझ-अर्चाला माहीत होतं. चोवीस वर्षांपूर्वी, जानेवारीत, एक मुलगी प्रसूतिगृहात बाळ ठेवून निघून गेली. नाव सांगितलं नाही, गाव सांगितलं नाही. आम्हाला मूल होत नव्हतं. एसेन गवताचा ट्रक चालवायचा. त्याने ते बाळ कोटाच्या आत छातीशी धरलं आणि एका हाताने ट्रक चालवत घरी आणलं. ही गोष्ट फक्त तालायला माहीत नव्हती. आमच्या गावात कुणाच्या घरी काय शिजलं ते संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळतं, पण ही एक गोष्ट लोकांनी चोवीस वर्षं पोटात ठेवली. एसेन वारला तेव्हाही कुणी बोललं नाही.

"आजोबा," मी म्हटलं, "एवढं एक नाव राहू द्या."

"एक खोटं नाव घातलं की त्याच्या खालचे सगळे खोटे होतात, पोरी. माझे दिवस भरत आलेत. वर गेल्यावर त्या सातांना काय सांगू?"

त्यांनी पट्टी लावून सरळ रेघ मारली. मला इतका राग आला की मी त्यांना चहासुद्धा विचारला नाही. आमच्यात शत्रूलाही चहा विचारतात.

यादीवर दोन्ही शिक्के बसले आणि ती खालच्या दारावर चिकटवली. शेवटी एकच ओळ होती: तालाय, नातं नाही. त्याने ती भर गर्दीत वाचली. मग जिना चढून माझ्या खोलीत आला.

"आई, खाली यादीत चूक झालीये."

मी समोरच्या कागदाकडे बघत राहिले.

"बरं," तो म्हणाला आणि उतरून गेला.

आकिमांना मात्र आभाळ ठेंगणं झालं. मारायला चालेल असा एक तरी माणूस तालुक्यात निघाला होता. शिवाय तो कुणाचाच नव्हता, म्हणजे त्याला दोन्ही बाजूंनी मारता येत होतं, आणि मारून झाल्यावर तो दोघांचाही हुतात्मा होणार होता. जापारकुलने त्याच्या नावाचा रस्ता कबूल केला, ओस्मोनबेकने शाळा. दगडावर कोरायला त्याची जन्मतारीख माझ्याच रजिस्टरातून लिहून नेली आणि पुढे एका तारखेपुरती जागा मोकळी सोडली. "लागेलच असं नाही," नेणारा कारकून मला म्हणाला, "पण दगडवाला नंतर वेळ देत नाही."

मारायला दोन्हीकडून दहा-दहा जण निवडले. ते वीसही जण एकेकटे, इकडेतिकडे बघत माझ्या खोलीत येऊन गेले. "काकू, जरा बघा ना, लांबून काही निघतं का? तालाय माझ्याबरोबर शाळेत होता हो." मी काय बघणार? यादी बदलायची तर दोन्ही आकिमांची एकाच कागदावर सही लागणार, आणि एका कागदावर सही करायला ते तयार असते तर मारामारीच कशाला हवी होती?

बुधवारी त्याच्यासाठी मेंढा कापला. चौकात तंबू उभारला आणि दारासमोरच्या मानाच्या जागी तालायला बसवलं. आजवर पंगतीत तो कायम दाराशी बसलेला. सगळ्यांत लहान म्हणून हाताला येईल ते हाड त्याचं. आज शिजवलेलं डोकं त्याच्यापुढे ठेवलं. पांढऱ्या दाढीची माणसं त्याच्या खाली बसली. त्याने रीतीप्रमाणे कान कापून लहान मुलांना दिले, डोळा शेजारच्याला दिला. अंगावर नवा मखमली अंगरखा होता, तोही त्यांनीच दिलेला. मी चहा ओतत ओतत त्याच्यापर्यंत गेले.

"घरी चल," मी हळूच म्हटलं.

"कुणाच्या?" त्याने विचारलं. अगदी नम्रपणे विचारलं.

"तालाय, ते उद्या तुला मारतील रे."

"हो, सांगितलंय त्यांनी. पण मी गेलो तर सगळ्या तालुक्याचं काम अडेल. आजवर माझ्यावाचून कुणाचं काही अडलं नव्हतं."

चहाची किटली तिथेच ठेवून मी घरी आले आणि चुलीपुढे बसून रडले.

शेजारची सोनुन आवाज ऐकून आली. तिने आधी मला रडू दिलं, मग म्हणाली, "त्या म्हाताऱ्याच्या नियमात दूध आहे ना?"

"आहे."

"मग? तुझ्या तालायला सहा महिने मी पाजलंय. एकीकडे माझा बेक्तूर, दुसरीकडे तुझा. विसरलीस?"

विसरले नव्हते. त्या हिवाळ्यात दुकानात दुधाची पावडर नव्हती, पिठालासुद्धा रांगा होत्या. मी बाळ शालीत गुंडाळून ज्या घरी तान्हं मूल असेल त्या घराचं दार वाजवत फिरायची. पण हे सांगायचं म्हणजे चारचौघांत त्याच्यासमोर कबूल करायचं की पाजणारी मी नव्हते. शरमेने मी ते स्वतःलाही आठवू दिलं नव्हतं.

"यादीवर शिक्के बसलेत, सोनुन. कागद बदलत नाही आता."

"कागद घाल चुलीत. आम्हाला तोंडं आहेत ना?"

गुरुवारी सकाळी चौकात माणसांची दाटी झाली. मधोमध तालाय, भोवती वीस दांडेवाले, त्यांच्यामागे दोन आकिम, आणि सेयित आजोबा तळहात वर करून उभे. त्यांचा आशीर्वाद नेहमीपेक्षा बराच लांबला होता. गुराढोरांवरून ते कोंबड्यांपर्यंत आले होते. ओमिन म्हणायच्या आत सोनुन कमरेला फडका खोचून पुढे आली.

"आजोबा, याला मी पाजलंय. म्हणजे हा माझ्या बेक्तूरचा दूधभाऊ. आणि बेक्तूरच्या सगळ्या सोयऱ्यांचाही."

आजोबांनी हात खाली घेतले. "शपथेवर?"

"शपथेवर."

"मीही पाजलंय," सामसेवाली म्हणाली.

"मीपण. दोन महिने, रात्रीचं," शाळेतली गणिताची बाई म्हणाली. एकेक करत अकरा बायका पुढे आल्या. अकराही मला आठवत होत्या, अकरा घरांची दारं आठवत होती. बारावी आली ती मला आठवेना. ती ओस्मोनबेकची आई उमसुनाय होती.

"मीही पाजलंय याला," ती काठी टेकत म्हणाली.

"आई," ओस्मोनबेक कळवळून म्हणाला, "तेव्हा तू पंचावन्न वर्षांची होतीस."

"मग? रडत होता म्हणून जवळ घेतलं. दूध आलं का नाही ते त्याला विचार. तू गप्प बस."

सेयित आजोबांनी तेही मोजलं. वीसही दांडे खाली गेले होते, आणि बेक्तूर तर त्या वीसांतलाच होता. तो आपला दांडा पाठीमागे लपवत होता. आता सगळ्या तालुक्यात तालायच्या नात्यात न बसणारा माणूस उरला नव्हता. मी देवाचे आभार मानणार एवढ्यात तालाय माझ्याकडे वळला.

"आणि तू, आई?"

खोटं बोलायला जागा नव्हती. "माझ्या अंगावर दूध नव्हतं रे. मी नुसती तुला घेऊन फिरायची."

सेयित आजोबांनी डोळे मिटून हिशेब केला. "मग रक्त नाही आणि दूधही नाही," ते म्हणाले. "नियमाप्रमाणे या दोघांचं एकमेकांशी काही निघत नाही."

"म्हणजे जोडी लागली," जापारकुल म्हणाला.

ओस्मोनबेकने धावत जाऊन बेक्तूरचा दांडा काढून घेतला आणि तालायच्या हातात दिला. "एकच. हलकेच मार. नाकातून जरासं आलं तरी फॉर्म भरतो."

तालायने दांड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"सगळ्या तालुक्यात एकच परकी निघाली," तो म्हणाला, "आणि मी नेमका तिच्या घरात..." आणि तो हसला. चार दिवस आकिमांबरोबर राहून शिकलेलं ते हसणं होतं.

मी त्याच्या थोबाडीत ठेवून दिली.

चोवीस वर्षांत मी त्याच्यावर हात उगारला नव्हता. शेजारणी आपापली पोरं बदडायच्या, मी कधी आवाजही चढवला नाही. लोक म्हणायचे, कालबूबू किती मायाळू. माया होतीच, पण खरं म्हणजे भीती होती. मारलं आणि कधी कळलं, तर म्हणेल, तू कोण मला मारणारी? म्हणून चोवीस वर्षांच्या थपडा साचलेल्या होत्या. दांडा घेऊन चौकात उभा राहिला त्याची एक, मेंढ्याच्या डोक्यापुढे ऐटीत बसला त्याची एक, "कुणाच्या" म्हणाला त्याची एक. सगळ्या एका थपडेत बसल्या.

दांडा त्याच्या हातून पडला. नाकातून रक्त आलं आणि नव्या अंगरख्यावर ओघळलं. तो गालाला हात लावून, लाल होऊन, दबक्या आवाजात म्हणाला, "आई, लोक बघतायत."

"बघू देत. मान पुढे कर, घशात जाईल." मी डोक्याचा रुमाल सोडून त्याच्या नाकाला लावला.

"रक्त सांडलं," दोन्ही आकिम एकदमच म्हणाले, आणि दोघांचे कारकून एकाच वेळी फॉर्म घेऊन धावले. एकाचा ठेचकाळून पडला, म्हणून दुसऱ्याचा घेतला. नोंद करणारा सरकारी माणूस मीच, त्यामुळे फॉर्म माझ्याच हातात आला. तो पुढे राजधानीतून परत आला आणि आकिम म्हणून भलताच तिसरा माणूस पाठवला गेला, कारण ही घरगुती बाब असून राजकीय हिंसाचारात धरता येत नाही, असा शेरा त्यावर होता. पण ते नंतरचं. तेव्हा मी तिथेच तंबूच्या खांबाला फॉर्म टेकवून भरायला घेतला. जखमीचं नाव, तालाय. मारणाऱ्याचं नाव, कालबूबू. मारण्याचं कारण: ऐकत नाही. मारणाऱ्याचं जखमीशी नातं, या रकान्यात मी लिहिलं: आई.

साक्षीदार म्हणून सेयित आजोबांची सही हवी होती. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं आणि बोट त्या शेवटच्या रकान्यावर ठेवलं.

"याला पुरावा?"

मी काही बोलायच्या आत तालायने नाकावरचा रुमाल बाजूला केला. नाक चांगलंच सुजलं होतं.

"आजोबा, हे बघा," तो म्हणाला. "परकी बाई इतक्या जोरात मारेल का?"

सेयित आजोबांनी वाकून ते नाक एका बाजूने पाहिलं, मग दुसऱ्या बाजूने. मग माझ्याकडून पेन मागून घेतलं आणि सही केली.